ही पोरगी कुणाकडं बघायली?

टीव्हीवरच्या कार्टून मालिकेचा ११ मिनिटांचा एक भाग घ्या. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमनं (स्थिर चित्रांनी) चालतं, म्हणजे त्या एका भागात १६,५०० फ्रेम. एका शॉटला (कॅमेरा न बदलता दिसणाऱ्या सलग तुकड्याला) सरासरी तीन सेकंद धरले तर २२० शॉट. त्या प्रत्येक शॉटमध्ये कोण दिसणार, किती जवळून, कोणत्या बाजूनं, तो काय करणार आणि पुढचा शॉट नेमका कुठे सुरू होणार, हे सगळं काम ॲनिमेटरकडे जाण्याआधी कुणीतरी चितारून ठेवलेलं असतं. ते काम स्टोरीबोर्ड आर्टिस्टचं. मी आता ते करते, परभणी जिल्ह्यातल्या सेलूत, आमच्या घराच्या माडीवर बसून. जालना, नांदेड, लातूरकडची चित्रं काढणारी मुलं-मुली मला विचारतात, "ताई, स्टोरीबोर्ड शिकायचा कसा?" फोनवर दोन वाक्यांत ते सांगता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझी सुरुवात आपल्याकडच्या बहुतेकांसारखीच झाली. शाळेत एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट, मग संभाजीनगरला उपयोजित कलेचं शिक्षण. ग्रेड परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असायचा, आठवतो का? बसस्टँडवरचं दृश्य, आठवडी बाजार, असे विषय. चार-पाच माणसं पुढे, झाड मागे, कोपऱ्यात बस, अशी ठरलेली मांडणी करून आम्ही मोकळे व्हायचो. समोर काही नसताना माणसं, जागा आणि घडणारी गोष्ट डोक्यातून कागदावर आणायची, म्हणून आज मला तो पेपर स्टोरीबोर्डच्या सर्वांत जवळचा वाटतो. फक्त तिथे सगळं एका चौकटीत बसवायचं असायचं. बोर्डमध्ये तेच दृश्य तोडायचं असतं, आणि कुठे तोडायचं याचंच सगळं शिक्षण आहे.

शिक्षण संपल्यावर हैदराबादला एका स्टुडिओत बॅकग्राउंड लेआउटचं काम मिळालं. आमच्या भागातून हैदराबादला रेल्वेनं रात्रीतून पोचता येतं, त्यामुळे घरच्यांनीही फार अडवलं नाही. माझ्याकडे दुसऱ्यांनी केलेले बोर्ड यायचे आणि त्यावरून मी घरं, रस्ते, अंगण काढायची. तिथे एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरायची. दिग्दर्शक ज्यांचे बोर्ड सर्वांत आधी मंजूर करायचे, त्यांची चित्रं सर्वांत सुबक नसायची. डोक्याचा गोल, नाकाची एक रेघ, हाताची दिशा, बस. तरी पान उलटता उलटता गोष्ट समजायची, हसू यायचं, कधी घसा दाटून यायचा. उलट काही बोर्ड इतके देखणे की भिंतीवर लावावेत, पण त्यावरून लेआउट काढायला बसलं की दार डावीकडे आहे की उजवीकडे हेच कळायचं नाही. मला ते साध्या रेघांत गोष्ट समजावणाऱ्या बोर्डचं काम शिकायचं होतं.

२०२० नंतर बरेच स्टुडिओ घरून काम देऊ लागले. मी लेआउटचं काम घेऊन सेलूला आले आणि उरलेल्या वेळात बोर्डचा सराव सुरू केला. आमच्या दिग्दर्शकांनी एका जुन्या, कधीच न बनलेल्या भागाच्या पटकथेचं एक पान दिलं. त्यात होतं एवढंच: बहीण-भाऊ विहिरीजवळ भांडतात, भांडताना बांधलेली शेळी सुटते, दोघं भांडण विसरून तिच्यामागे धावतात. "हे पुनःपुन्हा काढ," ते म्हणाले. "दर वेळी वेगळं काढ."

वेगळं काढायचं तर आधी भरपूर काढायला हवं, आणि भरपूर काढायचं तर लहान काढायला हवं. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदात मी ८ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापली. आजच्या टीव्हीच्या पडद्याचं १६ बाय ९ हे प्रमाण त्यात बरोबर येतं. ती खिडकी पाठकोऱ्या कागदावर ठेवून चौकटी आखायच्या आणि त्यात थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, काढायचे. एवढ्याशा जागेत डोळ्यांच्या पापण्या, ओढणीच्या चुण्या काढताच येत नाहीत. उरतं ते काळ्या-पांढऱ्याचं वाटप: माणूस कुठे, मोकळी जागा कुठे, नजर आधी कुठे जाते. प्रत्येक शॉटसाठी तीन-चार पर्याय काढून त्यांतला एक निवडायचा, असा नियम केला. पहिला सुचलेला पर्याय बहुधा कुठेतरी पाहिलेलाच असतो. तिसऱ्या-चौथ्याच्या आसपास शेळीच्या बाजूनं, तिच्या उंचीवरून भांडण दाखवावं असं काहीतरी सुचू लागतं.

दुसरा सराव उलट्या दिशेनं. टीव्हीवर लागणाऱ्या कार्टूनचा आवाज बंद करायचा आणि दर कट झाला, म्हणजे शॉट बदलला, की एक थंबनेल काढायचा. हे धावपळीचं काम आहे, थांबवता येणारा व्हिडिओ असला तर सोपं जातं. एक प्रसंग पूर्ण उतरवला की प्रत्येक चौकटीखाली एकच प्रश्न लिहायचा: इथे कट का केला? हळूहळू उत्तरं सापडू लागली. जागा नवीन असेल तर आधी लांबून दाखवतात. बोलणं तापलं की माणसं पडद्यावर मोठी होत जातात. विनोद बोलणाऱ्यावर क्वचितच संपतो, तो ऐकणाऱ्याच्या तोंडावर संपतो. आणि एक गोष्ट अशी जी मोठ्या पडद्यासाठी काम करणाऱ्यांना खटकेल, पण टीव्हीत जिच्याशिवाय चालत नाही: त्याच कोनातून, त्याच पार्श्वभूमीवर पुनःपुन्हा परत येतात. पुढे त्याबद्दल सांगतेच.

मग त्या पानाचं पहिलं ॲनिमॅटिक केलं. बोर्डची चित्रं ज्या वेळेला दिसायची त्या वेळेला एकामागोमाग लावायची, म्हणजे कच्चा सिनेमाच. माय खाली शेंगा फोडत बसली होती. तिला लॅपटॉपवर दाखवलं, आवाज नाही, काही सांगितलं नाही. तिनं मध्येच हात धरला. "थांब गं. ही पोरगी कुणाकडं बघायली? तिचा भाऊ तर तिकडं हाय."

त्या एका वाक्यात स्टोरीबोर्डचा निम्मा अभ्यासक्रम आहे असं मी मानते.

दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर दोघांमधून एक रेघ जाते असं समजायचं, आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. मग बहीण कायम उजवीकडे पाहताना दिसते, भाऊ कायम डावीकडे, आणि वेगवेगळ्या शॉटमध्ये असूनही ते एकमेकांशी बोलताहेत हे कळतं. कॅमेरा पलीकडे गेला की दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात. चित्रीकरणात निदान खरी जागा असते, खरी माणसं असतात. कॅमेरामन वळून पाहू शकतो. ॲनिमेशनमध्ये जागाच नसते. ती आपण बनवायची आणि आपणच लक्षात ठेवायची. म्हणून मी तेव्हापासून कोणताही प्रसंग काढायच्या आधी त्याचा वरून दिसणारा नकाशा काढते: विहिरीचा गोल, झाड, शेळीचा खुंटा, दोन माणसं, आणि कॅमेऱ्याचे छोटे त्रिकोण, प्रत्येकावर शॉटचा क्रमांक. सगळे त्रिकोण रेघेच्या एका बाजूला आहेत ना, हे एका नजरेत दिसतं. पुढे बॅकग्राउंड काढणाऱ्यालाही हा नकाशा फार उपयोगी पडतो, हे लेआउटवाली म्हणून मी खात्रीनं सांगू शकते.

हा नियम पुस्तकात वाचून कळला, पण अंगात मुरला तो गावच्या सप्ताहात. आमच्याकडे अखंड हरिनाम सप्ताह असला की रात्रीचं कीर्तन चुकवायचं नाही, हा घरचा शिरस्ता. एका रात्री कीर्तनकार महाराज द्रौपदी आणि कृष्णाचा संवाद रंगवत होते. एकटाच माणूस उभा, मागे टाळकरी. द्रौपदी बोलली की महाराजांची मान उजवीकडे, नजर किंचित वर. कृष्ण बोलला की मान डावीकडे, नजर किंचित खाली. हजारभर माणसं बसलेली, कुणाचा गोंधळ झाला नाही. मध्येच महाराज दोघांनाही सोडून सरळ आमच्याकडे वळायचे, "विठ्ठल विठ्ठल" म्हणायला लावायचे, आणि पुन्हा गोष्टीत शिरताना कधी कधी बाजू बदलून शिरायचे. तरीही गोंधळ नाही, कारण मध्ये ते समोर तोंड करून उभे राहिले होते. रेघ ओलांडायची असेल तर मध्ये एक सरळ समोरचा शॉट ठेवा, हे चित्रपटाच्या व्याकरणातलं कलम मला त्या मांडवात डोळ्यांनी दिसलं. नजरेची उंचीही तिथेच दिसली. बोर्डमध्ये लहान मूल मोठ्या माणसाशी बोलत असेल तर दोघांच्या क्लोजअपमध्येही एकाची नजर वर आणि दुसऱ्याची खाली हवी. समोरचं माणूस चौकटीत नसलं तरी ते किती उंच आहे, हे नजरच सांगते.

कीर्तनातून आणखी एक मिळालं, वेळ. महाराज ऐन वाक्यावर आले की थांबत. मृदंगही थांबे. मग पुढचा शब्द. मी मांडीवर मोबाइलचं स्टॉपवॉच लावून ते थांबणं मोजायची. तोवर मी कागदावर 'थांबतो' लिहून अंदाजानं वेळ टाकायची, आणि तो अंदाज सारखा कमी पडायचा. माणसाला काही समजून चेहऱ्यावर उमटायला जेवढा वेळ लागतो, तेवढा चित्राला द्यावाच लागतो. उलट पडणं, दचकणं, टपली मारणं हे काही फ्रेममध्ये उरकतं. त्याला सेकंद दिला की ते ढिलं पडतं. आता संवाद असतील तर ते मी मोठ्यानं, पात्राच्या आवाजात वाचते आणि वेळ सेकंद व फ्रेममध्ये लिहिते, जसं दोन सेकंद दहा फ्रेम. घरातल्यांना आता माडीवरून ऐकू येणाऱ्या भांडणांची सवय झाली आहे.

चित्रकलेचा सराव सोडून चालत नाही, पण कोणता सराव करायचा हे बदललं. आमच्याकडे हंगामात मोंढ्यात कापसाच्या गाड्या लागतात. हमाल पोतं उचलतो तेव्हा गुडघा कुठे वाकतो, मान कशी एका बाजूला जाते, ओझं पाठीवर बसल्यावर पहिलं पाऊल कसं जड पडतं, हे उभ्याउभ्या पेन्सिलनं टिपायचं. चेहरा नाही, कपडे नाहीत. डोक्यापासून टाचेपर्यंत जाणारी एकच वाकलेली रेघ आणि वजन कुठे आहे ते. अशा चित्रात माणूस पूर्ण काळा भरला तरी तो काय करतोय हे कळलं पाहिजे. टीव्हीच्या पडद्यावर, त्यातही मोबाइलवर, आकृतीची बाह्यरेषाच आधी पोचते. हात शरीरासमोर आला की दिसत नाही, तोच बाजूला काढला की दिसतो. सेलूच्या स्टेशनावरही मी बसते, कारण गाडीची वाट पाहणारी माणसं पुन्हा पुन्हा त्याच सवयीनं हालचाल करतात आणि हुकलेलं चित्र परत मिळतं.

जनावरांसाठी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेला जावं. खंडोबाच्या या यात्रेत घोडे, गाढवं, उंट, कुत्री असा मोठा बाजार भरतो. मुलांच्या मालिकेत घोडा कधी ना कधी येतोच, आणि बोर्डमध्ये तो बाजूनं काढून भागत नाही. तो समोरून अंगावर येताना, मागून पळताना, वरून, पोटाखालून लागतो. गुगलवर घोड्याचे फोटो मिळतात, पण चालीत कोणता पाय आधी पडतो आणि मान कधी खाली जाते हे मला तिथे, घोडा पळवून दाखवणाऱ्या व्यापाऱ्याच्या शेजारी उभं राहून समजलं.

मराठवाड्यात राहून चित्रांतून गोष्ट सांगायला शिकायचं आणि अजिंठा-वेरूळ बघायचं नाही, असं होऊच शकत नाही. पण मी एक वेगळी गोष्ट शोधायला गेले होते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक आहे: मागेल त्याला काहीही देऊन टाकणारा राजपुत्र. राज्यातून निघताना तो रथ देतो, नंतर मुलं देतो, शेवटी पत्नीही. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुनःपुन्हा येतो, चौकटी नाहीत. खांब, दरवाजे, झाडं यांनी प्रसंग वेगळे केलेत. एखाद्या प्रसंगाच्या कडेला उभं असलेलं माणूस पुढच्या प्रसंगाकडे वळलेलं असतं आणि आपली नजर आपोआप तिकडे जाते. हे सगळं वहीत उतरवायला फार मजा आली. आत उजेड कमी, फ्लॅश चालत नाही, त्यामुळे डोळ्यांनीच पाहावं लागतं. (सोमवारी अजिंठा बंद असतो, मंगळवारी वेरूळ, लांबून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

पण अजिंठ्यात प्रसंग बऱ्याचदा काळाच्या क्रमानं नाहीत, जागेच्या क्रमानं आहेत. राजवाड्यातलं राजवाड्याजवळ, अरण्यातलं अरण्याजवळ, मग ते गोष्टीत आधीचं असो वा नंतरचं. भिंतीसमोर उभा राहिलेला माणूस मागे फिरून पुन्हा बघू शकतो, गोष्ट माहीत असलेला कुणी बोट दाखवून सांगू शकतो. टीव्हीचा प्रेक्षक मागे फिरू शकत नाही. त्याला जे हवंय ते त्या क्षणी तिथेच द्यावं लागतं. म्हणून "अजिंठा म्हणजे जगातला पहिला स्टोरीबोर्ड" असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. नजर कशी वळवायची ते अजिंठ्याकडून घ्यावं. क्रम कसा लावायचा ते दुसरीकडून. वेरूळच्या सोळाव्या लेण्यात, कैलासात, दक्षिणेकडच्या भिंतीवर रामायण एकाखाली एक ओळींनी कोरलंय. ते आपल्या बोर्डच्या पानाच्या जास्त जवळ आहे.

आज आपण ज्याला स्टोरीबोर्ड म्हणतो तो प्रकार १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्ने स्टुडिओत रुळला. रेखाटनं फळ्यावर टाचायची, सगळ्यांनी मिळून बघायची, नको ते काढून टाकायचं. तिथलेच क्लेअर वीक्स १९५०च्या दशकात मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाला शिकवायला आले, आणि भारतीय ॲनिमेशनमधलं मोठं नाव असलेले राम मोहन त्यांच्याकडे शिकले. फळ्यावरून चित्र काढून टाकता येणं ही त्या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मीही माडीच्या भिंतीला दोऱ्या बांधून थंबनेल कपड्याच्या चिमट्यांनी टांगते. स्क्रीनवर एका वेळी एक चौकट दिसते. भिंतीवर अख्खा प्रसंग दिसतो, आणि सलग पाच शॉट एकाच आकाराचे झालेत हे लगेच खुपतं.

आता टीव्हीच्या हिशेबाबद्दल, कारण नोकरी यावर मिळते. कट-आउट पद्धतीच्या टूडी मालिकेत प्रत्येक पात्राचं एक रिग असतं, म्हणजे सुटे हात, पाय, डोकं, तोंडं जोडून बनवलेली बाहुली. ती समोरून, अर्धी वळलेली, बाजूनं आणि पाठमोरी अशी तयार असते. बोर्डमध्ये तुम्ही वरून खाली पाहणारा अवघड कोन काढलात की ती बाहुली निरुपयोगी, त्या शॉटसाठी नवीन चित्र करावं लागतं. एका भागात असे थोडेच शॉट परवडतात. म्हणून ते कुठे खर्च करायचे हे बोर्ड आर्टिस्टनं ठरवायचं. थ्रीडी मालिकेत कोन कुठलाही घ्या, पण नवी जागा, नवी वस्तू, पाणी, गर्दी, सैल कपडे हे महाग पडतं.

पटकथेत एक ओळ असते: "सगळं गाव धावत येतं." लिहायला चार शब्द, करायला आठवडा. मी हे प्रसंग मुद्दाम सरावासाठी घ्यायची. सगळं गाव न दाखवता ते कसं दाखवायचं? टपरीवरचा कप हलतो, चहावर तरंग उठतात. म्हातारा मान वर करतो. जमिनीलगतच्या कॅमेऱ्यासमोरून पायांच्या दोन-तीन जोड्या जातात, धूळ उठते, तेच पाय उलट क्रमानं पुन्हा वापरता येतात. मग आपलं मुख्य पात्र कॅमेऱ्याकडे तोंड करून मागे सरकतं आणि त्याच्या चेहऱ्यावर सावल्या पडतात. गर्दी आली. आणि हे स्वस्त आहे म्हणून चांगलं असं नाही. यात प्रेक्षक त्या पोराच्या जागी उभा राहतो, लांबून गाव धावताना पाहिलं असतं तर राहिला नसता. पूर आला, अशी ओळ असेल तर तीच गोष्ट: ताणलेला दोर, घसरणारा हात, काठावरच्या माणसांचे चेहरे, आणि पाणी एकदाच, नीट. काटकसरीनं गोष्ट कमकुवत होते असं मला आधी वाटायचं. प्रत्यक्षात काटकसर तुम्हाला विचारायला लावते की या क्षणी नेमकं काय दिसलं पाहिजे, आणि मालिकेच्या बोर्डची सगळी कला त्या प्रश्नात आहे.

साधनांबद्दल थोडक्यात. स्टुडिओत बहुधा टून बूमचं स्टोरीबोर्ड प्रो चालतं. ते विकत घेणं सुरुवातीला परवडत नाही, तर क्रिटा आणि वंडर युनिटचं स्टोरीबोर्डर ही दोन्ही फुकट आहेत, ब्लेंडरमध्येही ग्रीस पेन्सिलनं बोर्ड होतो. पडदा नसलेला साधा पेन टॅबलेट पुरतो. लाईट गेली की कागद आहेच.

बोर्डच्या विभागात मला पहिलं काम मिळालं ते दुरुस्त्यांचं. दुसऱ्यांच्या बोर्डवर दिग्दर्शकांच्या सूचना येत, त्याप्रमाणे शॉट बदलून द्यायचे. काही जण या कामाला कमी लेखतात. माझ्या मते याच्याइतकी चांगली शाळा नाही. सूचना येते, "इथे जरा जवळून दाखव." नुसतं जवळ जाऊन उपयोग होतोच असं नाही. दिग्दर्शकाला तिथे काहीतरी पोचलं नाही, म्हणून त्यांनी ते म्हटलंय. काय पोचलं नाही ते शोधायचं. कधी कळतं की अडचण त्या शॉटमध्ये नाही, दोन शॉट आधी आहे; तिथे हातातली चिठ्ठी दाखवायची राहिली, म्हणून इथे चेहरा बघूनही काही समजत नाही. मग मी दोन उत्तरं पाठवायची, एक त्यांनी सांगितलेलं आणि एक मला सुचलेलं. निवड त्यांची. असं करता करता आधी एक प्रसंग, मग भागाचा एक अंक, मग पूर्ण भाग माझ्याकडे येऊ लागले.

माय अजूनही माझी पहिली प्रेक्षक आहे, आणि माझी सात वर्षांची भाची दुसरी. दोघींना मी आवाज नसलेलं ॲनिमॅटिक दाखवते आणि नंतर गोष्ट सांगायला लावते. "आवडलं का" हे विचारायचं नाही, त्याचं उत्तर कायम "छान" असतं. "काय झालं ते सांग" म्हणायचं आणि गप्प बसायचं. भाची सांगताना जिथे अडखळते तिथे मी खूण करते. भाची अडखळते कुठे आणि माय अडखळते कुठे हे वेगळं असतं. मुलांच्या मालिकेसाठी मी भाचीचं आधी ऐकते.

ज्यांना या कामात यायचंय त्यांनी पोर्टफोलिओत रंगवलेली मोठी चित्रं भरू नयेत. तीन छोटे प्रसंग पुरतात: दोन माणसं एका जागी बोलताहेत असा एक, पाठलागाचा एक, आणि एकही शब्द नसलेला एक. बोलण्याचा प्रसंग सर्वांत साधा दिसतो आणि निवडणारे त्याच्याकडेच सर्वांत बारकाईनं पाहतात, कारण तिथे लपायला धावपळ नसते. विषय परदेशी कशाला हवेत? पाण्याच्या टँकरची रांग, उसाच्या ट्रॉलीवर बसलेली पोरं, दुपारचं बसस्टँड, हे तुम्हाला इतरांपेक्षा जास्त माहीत आहे आणि ते चित्रात दिसतं. चौकटींना क्रमांक घाला, पात्र हलतं त्याचा बाण आणि कॅमेरा हलतो त्याचा बाण वेगळ्या रंगात काढा, संवाद चौकटीखाली लिहा. फाइल अशी करा की फोनवरही उघडेल.

मग स्टुडिओकडून टेस्ट येते. एक-दोन पानांची पटकथा, सोबत पात्रांची मॉडेल शीट (पात्र कसं दिसतं ते ठरवून देणारं पान), आणि ठरावीक मुदत. टेस्ट मिळाली की पहिल्या दिवशी फक्त वाचा आणि नकाशा काढा. मुदतीच्या अर्ध्यावर सगळे थंबनेल पूर्ण झालेले हवेत, म्हणजे उरलेल्या वेळात चित्रं साफ करताना गोष्ट बदलण्याचा मोह होणार नाही. मॉडेल शीटमधल्या डोक्याचं आणि शरीराचं प्रमाण पाळा. चेहरा हुबेहूब नसला तरी चालतो, उंची चुकली की सगळ्या नजरा चुकतात. आणि टेस्टच्या नावाखाली कुणी अख्खा भाग फुकट काढून मागितला तर सरळ विचारा, याचे पैसे किती. चांगले स्टुडिओ या प्रश्नानं रागवत नाहीत.